उशीला टेकून बसलेली दाल्वा

माझी धाकटी बहीण दाल्वा हिने अनिझियोशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा मी तिला सरळ सांगितलं, "त्या माणसाची नखं बघ. आज निळी आहेत, पुढल्या आठवड्यात हिरवी होतील. असल्या हाताने वाढलेलं जेवशील का?" ती म्हणाली, "आक्का, तुझ्या हाताला तंबाखूचा वास येतो, तरी तुझ्याच हातचं खाऊन मी एवढी झाले ना?" मी तेव्हा नदीकाठच्या कारखान्यात चिरूट वळत होते. तंबाखूवालीने रंगाऱ्याला नावं ठेवायची म्हणजे जरा जास्तच होतं.

अनिझियो गलबतं रंगवायचा. पाराग्वासू नदीला ओहोटी लागली की गलबतं चिखलात कलंडतात. तेव्हा तो त्यांचे तळ खरवडायचा, डांबर फासायचा आणि शेवटी पुढच्या अंगाला गलबताचं नाव रंगवायचा. त्याची आजी उसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मली होती, आई लोकांचे कपडे धुवायची. चित्रं काढायला त्याला कोणी शिकवलं नाही. तरुणपणी पाद्र्याने त्याला चर्चच्या छताला चुना लावायला वर चढवलं, तर हा पठ्ठ्या फळीवर उताणा पडून छतावर रंगवलेले जुने देवदूत बघत राहिला. पाद्री खालून ओरडला, "अनिझियो, मेलास की काय?" वरून आवाज आला, "नाही बाबा, ढग कसा केलाय ते बघतोय." त्या दिवशी चुना काही लागला नाही. दाल्वा ही गोष्ट अशी रंगवून सांगायची, जणू त्याने वरून देवच खाली आणला होता.

तो ढग त्याला पुढे उपयोगी पडला. आमच्याकडे दुखण्यातून उठलेला माणूस संताला पाटी वाहतो. हातभर लाकडावर चित्र असतं. खाली पलंग, पलंगावर आजारी माणूस, वरच्या कोपऱ्यात ढग, ढगात संत, आणि तळाला दोन ओळी: कोणाला काय झालं होतं आणि कोणी बरं केलं. नवस फेडला की पाटी चर्चच्या मागल्या खोलीत भिंतीवर जाते आणि तिथेच राहते. नियम एकच, आणि तो शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. आधी गुण, मग पाटी. नवरा मिळावा म्हणून आमच्या बायका संत आंतोनियोच्या मूर्तीला विहिरीत उलटं टांगतात, त्याच्या कडेवरचं बाळ काढून लपवून ठेवतात, आणि तो बिचारा सगळं सोसतो. पण जे मिळालंच नाही त्याचे आभार कोणी मानत नाही.

अनिझियो या पाट्या करायला लागला तेव्हा फळ्या मीच पुरवल्या. कारखान्यात चिरुटांची खोकी मोडली की देवदाराच्या फळ्या वाया जायच्या, त्या मी झग्याखालून आणायचे. फळीवर तो नदीतली पांढरी माती सरसात कालवून फासायचा आणि वर गलबताचा उरलेला रंग. कुंचले गाढवाच्या शेपटीच्या केसांचे. त्याच्या आधी पाट्या करणारा म्हातारा सगळ्यांना गुलाबी रंगवायचा. आमच्या गावात गुलाबी माणसं दोनच, एक पाद्री आणि एक कारखान्याचा मालक, पण भिंतीवर बघाल तर अख्खं गाव गुलाबी होऊन आजारी पडलेलं. अनिझियोने ते बंद केलं. कोणाला कॉफीचा रंग, कोणाला काकवीचा, कोणाला ओल्या चिखलाचा. चर्चच्या चावीवाल्याची बायको एरोतिल्देस, तिचा पाय सडता सडता वाचला होता. तिने आपली पाटी बघून किंकाळी फोडली.

"एवढी काळी आहे का रे मी?"

"उजळच केलंय बाई," अनिझियो म्हणाला. "नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून बोटभर पांढरा जास्त घातलाय."

शिव्या देत देत तिने तीच पाटी वाहिली. पुढे मी तिला पाहिलं आहे, आसपास कोणी नाहीसं बघून ती आपल्या रंगवलेल्या पायाला हात लावून नमस्कार करायची.

दुखण्याचा संत म्हणजे रोकी. त्याच्या मांडीवर जखम असते आणि शेजारी कुत्रा. अनिझियोच्या प्रत्येक पाटीत तो कुत्रा म्हणजे त्याचा स्वतःचा फारोफा असायचा, भाजलेल्या पिठाच्या रंगाचा, एक कान मोडलेला. चर्चमध्ये ज्याला संत रोकी म्हणतात त्यालाच जुन्या देवांची पुजारीण बिबियाना आई हिच्या अंगणात, जिथे सोमवारी ढोल वाजतात, म्हातारा म्हणतात. आम्ही दोन्हीकडे जातो. दुखणं एकच असलं तरी दोन दारं ठोठावलेली बरी.

लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि दाल्वाला ताप आला. आधी आम्ही कोणी मनावर घेतलं नाही. मग ती पिवळी पडली, पोट फुगलं, पायांना सूज आली. नदीपलीकडून डॉक्टर आला, सुई टोचली, आणि जाताना अनिझियोकडे न बघता माझ्याशी बोलला. त्यावरून काय ते मी समजले. बिबियाना आईने दाल्वाच्या अंगावरून लाह्या ओवाळल्या, म्हाताऱ्यापुढे ठेवल्या आणि सांगितलं, "आता थांबायचं. म्हाताऱ्याला घाई चालत नाही."

अनिझियोला थांबवेना. दुसऱ्यांच्या बायका, दुसऱ्यांची पोरं, अर्ध्या गावाला त्याने पलंगावरून उठलेलं रंगवलं होतं. आपल्याच बायकोच्या वेळेला हात बांधून बसायचं हे त्याच्या डोक्यात शिरेना. एका रविवारी दुपारी तो घरातली सगळ्यात चांगली फळी घेऊन आला आणि पलंगासमोर बसला.

मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

"पाटी करतोय."

"कोणाची?"

त्याने दाल्वाकडे मान वळवली. मी त्याच्या हातातला कुंचला हिसकावून घेतला. "अरे, तुला वेड लागलंय का? ती अजून उठायची आहे!"

"म्हणूनच," तो म्हणाला. "सगळे नंतर आभार मानतात, आक्का. मी आधी मानतो. भिंतीवर लागलेली पाटी सगळ्या गावाने बघितल्यावर तो मागे कसा फिरेल? त्याला लाज वाटेल की नाही?"

"संताला लाज शिकवतोस?"

"आंतोनियोला विहिरीत टांगता तेव्हा काय करता?"

मी आणखी बोलणार होते, पण पलंगावरून दाल्वा हसली. तिला हसायला सुद्धा दम पुरत नव्हता. "काढू दे गं आक्का," ती म्हणाली. "आणि काळ्या, माझे केस तरी विंचर आधी. लोक म्हणतील, बरी झाली पण अवतार गेला नाही."

काळ्या म्हणजे अनिझियो. ती त्याला दुसऱ्या नावाने हाक मारायचीच नाही.

त्याने तिचे केस विंचरले. पिवळा झगा घातला. आता तिला बसलेली काढायची होती, कारण पाटीत बरा झालेला माणूस बसलेला असतो, आणि दाल्वा काही केल्या बसेना. एक उशी लावली, घसरली. दुसरी लावली, तरी घसरली. शेवटी मी पलंगावर तिच्या मागे जाऊन बसले आणि तिच्या काखांतून हात घालून तिला उचलून धरलं. तिचं डोकं माझ्या गळ्याशी आलं. अंग तव्यासारखं तापलं होतं आणि वजन म्हणाल तर काहीच नव्हतं. "हलू नकोस आक्का," अनिझियो म्हणाला. मी ऊन उतरेपर्यंत हलले नाही. मधे एकदा तिने पाणी मागितलं, तेव्हा तो म्हणाला, "थोडं थांब, ओठ रंगवतोय." ती थांबली. त्या एका वाक्यासाठी मी त्याला कित्येक वर्षं क्षमा केली नाही.

पाटीत मी नाही. मी जिथे होते तिथे त्याने एक मोठी पांढरी उशी काढली. वर ढग, ढगात रोकी, पायाशी फारोफा. आणि दाल्वा, खरी दाल्वा, काकवीच्या रंगाची, गालावर तजेला, असं बघणारी की आता कोणाची तरी खोड काढणार. खाली लिहिलं होतं की संत रोकीने दाल्वाला मरणातून उठवलं, आणि नवऱ्याने उपकार मानून पाटी वाहिली. तेवढं चांगलं त्याने आयुष्यात दुसरं काही काढलं नाही. मी रागात होते, तरी मला ते कळलं.

सोमवारी त्याने पाटी चर्चमध्ये लावली. बुधवारी दाल्वा गेली.

तिला पुरून आल्यावर तो तसाच चर्चमध्ये गेला आणि पाटी उतरवायला लागला. चावीवाल्याने त्याला धरलं. पाद्री आला. "अनिझियो, दिलेलं ते संताचं झालं," पाद्री म्हणाला. "मी त्याचा नोकर. मला देता येत नाही."

"पण बाबा, खोटं आहे ते!"

"खोटं मी नाही टांगलं," पाद्री म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी तो तसं बोलला.

मग अनिझियो बिबियाना आईकडे गेला. मीही बरोबर गेले, कारण तिने त्याला चार शब्द सुनवावेत अशी माझी फार इच्छा होती. तिने सुनावलं नाही. तिने त्याची नखं बघितली. मग म्हणाली, "म्हाताऱ्याच्या हिशोबी ती बरी झाली. तू तसं लिहून दिलंस. आता ती मेली आहे हे त्याला कोण सांगणार? ती ना इकडची ना तिकडची. ती पाटी पुसली जाईपर्यंत पोर पलंगावर बसूनच राहणार. तिला आडवं होता यायचं नाही."

मी तिला त्या दुपारी धरलं होतं. बसायला तिला किती कष्ट पडत होते ते माझ्या दंडांना माहीत होतं. त्या दिवसापासून अनिझियोला जगात एकच काम उरलं: ती पाटी उतरवायची, लाकूड दिसेपर्यंत खरवडायची आणि दाल्वाला निजू द्यायचं.

गावाने त्याला टाकलं. कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण पाटी करायला कोणी येईना. ज्याच्या हाताने आभार मानले आणि माणूस मेलं, त्याच्या हातून कोण आपलं दुखणं रंगवून घेईल? नावाड्यांनी त्याच्याकडून नावं घालून घेणंही सोडलं. तळ खरवडायला बोलवायचे, कारण तळ पाण्याखाली असतो. तो उसाची दारू प्यायला लागला. दर सोमवारी जाऊन त्या खोलीत पाटीसमोर उभा राहायचा. दोनदा तिला हात घातला, दोन्ही वेळा चावीवाल्याने मारून बाहेर काढलं. एरोतिल्देस नवऱ्याला म्हणायची, "नेऊ दे की रे त्याला. बायको आहे ती त्याची." चावीवाला म्हणायचा, "आज त्याने नेली, उद्या सगळे नेतील. तुझा पाय कुठे राहील मग?"

मी त्याच्याशी बोलत नव्हते. डबा मात्र पाठवायचे. घेवडा, पीठ, असली तर सुकी कोळंबी. बहिणीचा नवरा उपाशी मेला असं लोकांनी म्हणायला नको.

मग जुना पाद्री गेला, नवा आला. त्याला मागल्या खोलीत वाळवी दिसली, आणि भिंतभर आजारी माणसं बघून कसंसंच झालं. शहरातून एक गृहस्थ ट्रक घेऊन आला, त्याच्याशी काय बोलणं झालं कोण जाणे, आणि आम्ही कारखान्यातून सुटून घरी येतो तो भिंत मोकळी. खिळे तेवढे होते. गावात हलकल्लोळ झाला. बायका आपापल्या खिळ्याखाली उभ्या राहून रडत होत्या. पाटी गेली म्हणजे गुण गेला. एरोतिल्देसचा पाय त्याच संध्याकाळी ठणकायला लागला आणि तिने नव्या पाद्र्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कुंपणानेच शेत खाल्लं, तक्रार कोणाकडे करणार?

अनिझियो ओरडला नाही. तो नदीवर गेला आणि तळ खरवडायची पटाशी दगडावर घासत बसला.

दोन पावसाळे गेले, आणि तोच गृहस्थ त्याला शोधत आला. मोडक्या कानाचा कुत्रा काढणारा कोण, असं विचारत विचारत तो चिखलात उतरला होता. चांगले बूट होते, ते गेले. "तुम्हीच का ते?" म्हणून त्याने अनिझियोचा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, बाहियात, म्हणजे आमच्या मोठ्या शहरात, त्या पाट्या मांडल्या आहेत, माणसं लांबून बघायला येतात, तुम्ही आणखी काढा, म्हणाल ते देतो.

"मला एक पाटी हवी," अनिझियो म्हणाला. "पिवळ्या झग्यातली."

"ती? ती तर सगळ्यांची लाडकी आहे! तुम्ही या तर खरे. बघा आधी."

त्या रात्री मी पाच-सहा वर्षांनी त्याच्या दारात गेले. "मी येणार बरोबर," मी म्हटलं.

"कशाला?"

"तू तिथे लोकांनी पाठ थोपटली की विरघळशील. मला माझी बहीण निजवायची आहे."

"पटाशी घेतलीय, आक्का," तो म्हणाला.

आम्ही बोटीने गेलो. त्याने लग्नातला कोट घातला होता आणि पटाशी आतल्या खिशात होती. जुन्या मठाची इमारत होती, शेजारीच मोठं इस्पितळ. भिंती दुधासारख्या पांढऱ्या, आणि त्यांवर आमचं गाव टांगलेलं, एकेकाला हातभर जागा सोडून. एरोतिल्देसचा पाय बघून मला रडू आलं. दाल्वा शेवटच्या भिंतीवर एकटी होती, तिच्यावर वेगळा दिवा सोडलेला. गाल तसेच, डोळे तसेच. पाठीमागे ती पांढरी उशी. मी उशीकडे बघितलं आणि माझे दंड भरून आले.

तिच्यासमोर बाकावर एक बाई बसली होती. गोरी, पन्नाशीची, कपडे भारी पण दोन-तीन दिवस न बदललेले. अनिझियोचा हात कोटात गेला होता. पटाशीची मूठ मला दिसत होती. एका उडीत झालं असतं काम. तेवढ्यात तो ट्रकवाला गृहस्थ मागून आला आणि बाईला म्हणाला, "हेच चित्रकार. आणि चित्रातली ही यांची पत्नी."

बाई उठली. तिने अनिझियोच्या तोंडाकडे असं बघितलं की मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"माझा मुलगा पलीकडे आहे, इस्पितळात," ती म्हणाली. "मी रोज इथे येते. डॉक्टरांनी... यांच्याही डॉक्टरांनी आशा सोडली होती, नाही का?"

"हो," अनिझियो म्हणाला.

"आणि मग उठल्या?"

मी मनात म्हटलं, सांग. सांग आता, भडव्या. सांग आणि खरवड.

पाटीकडे न बघता तो म्हणाला, "उठली ना बाई. दोन दिवसांनी उठली. उठल्या उठल्या माझ्याशी भांडली."

"कशावरून?"

"पाणी मागितलं होतं, मी वेळेवर दिलं नव्हतं."

बाई हसली. हसता हसता रडली आणि त्याच्या रंगीत नखांचा हात कपाळाला लावून इस्पितळाकडे गेली. तिच्या मुलाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. अनिझियोने पटाशी खिशात खोल ढकलली आणि बाहेरची वाट धरली.

बोटीवर मी त्याला बोल बोल बोलले. इतक्या वर्षांचं सगळं काढलं. रविवारची दुपार काढली, पाणी काढलं, ओठ काढले. "दोनदा खोटं बोललास तू," मी म्हटलं. "एकदा संताशी, एकदा त्या बाईशी. आणि दोन्ही वेळा भरायचं कोणी? माझ्या बहिणीने! ती आता कधी आडवी होणार रे? सांग, कधी टेकणार ती?"

तो नदीकडे बघत होता.

"आक्का, तू मागे आहेस ना तिच्या," तो म्हणाला. "सोडू नकोस."

त्यानंतर मी त्याच्याशी बोलायला लागले. दोन वर्षांनी तो दारूने गेला. एकही चित्र त्याने पुन्हा काढलं नाही. त्याला पुरलं त्या दिवशी त्याची नखं स्वच्छ होती, आणि ते मला बघवलं नाही.

पाटी अजून त्या भिंतीवर आहे, असं ऐकते. माझे दंड संध्याकाळी फार दुखतात. शेजारणी म्हणतात, म्हातारे, जन्मभर चिरूट वळलेस, दुखणारच. मी हो म्हणते.